चूलबंद आवतन

मामाशिवाय लग्न लागत नाही असं कोणत्या पोथीत लिहिलंय, ते कोणी दाखवावं. पण चिखली तालुक्यात पोथीला विचारतो कोण? नवरी बोहल्याकडे निघते ती मामाचा हात धरून, आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. तो दिसला नाही की मांडवातल्या बाया अक्षता मुठीत धरून एकमेकींच्या कानाला लागतात. मग नवरीच्या आईनं कितीही भारी पैठणी नेसलेली असो, तिला तोंड लपवायला जागा उरत नाही.

शालूबाईंना सख्खा भाऊ एकच, उंद्रीचे पंजाबराव, आणि त्यांच्याशीच शालूबाईंचं बोलणं बंद. लेकीच्या, पूनमच्या लग्नाची तारीख निघाली तेव्हा घराला एकच घोर लागला: मामा येणार की नाही? शालूबाईंच्या लेकाला, प्रज्वलला, हा घोर जरा जास्तच लागला, कारण लोकांना लग्नाला बोलावणं हाच त्याचा धंदा होता.

भांडण कशाचं म्हणाल तर तेही बोलावण्याचंच. आपल्याकडे जेवणाच्या बोलावण्याला आवतन म्हणतात आणि त्याला पायऱ्या असतात. 'घरटी एक' म्हणजे घरातून एक जण आला तरी भागलं. 'सजोडी' म्हणजे नवराबायको. आणि 'चूलबंद' म्हणजे म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत अख्खं घर; त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायचीच नाही. पंजाबरावांनी थोरल्या मुलाच्या लग्नाचं आवतन सख्ख्या बहिणीला धाडलं ते चिखलीच्या बाजाराला निघालेल्या कोणाच्या तरी हाती. तो भला माणूस मोटारसायकलवरून खालीही उतरला नाही. "पंजाबरावकडचं आवतन हाये हो!" एवढं रस्त्यावरूनच ओरडला आणि गेला. चूलबंद की घरटी एक, काही पत्ता नाही. शालूबाई गेल्या नाहीत. पंजाबराव म्हणाले, सख्ख्या बहिणीसाठी काय पायघड्या टाकाव्या लागतात का? शालूबाई म्हणाल्या, दारी आलेल्या कुत्र्यालाही लोक यू यू करतात. झालं! एकाच माउलीची लेकरं, हट्टाला कमी कोण पडणार? मध्ये कैक दिवाळ्या गेल्या, भाऊबीज गेली, राखी गेली. प्रज्वलचे वडील उत्तमराव फार शहाणे. हा विषय निघाला की त्यांना शेतात काम आठवायचं.

तर अशा घरातल्या पोरानं पुण्यातली नोकरी सोडून चिखलीत कंपनी काढली. कृषी केंद्राच्या माडीवर दोन खोल्या, खालून फवारणीच्या औषधाचा वास, आणि दारावर पाटी: 'आवतन'. भागीदार होता रोहिणखेडचा अश्वजित, कॉलेजातला दोस्त. प्रोग्राम लिहायचा अश्वजितनं आणि बोलायचं प्रज्वलनं, अशी वाटणी. अश्वजित कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते झोंबायचं.

पहिलं ॲप म्हणजे पत्रिका, नकाशा आणि 'येणार' 'नाही येणार' अशी दोन बटणं. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे त फुकटात व्हॉट्सॲपवर बी होते, भौ." पुण्याहून ऋत्विक नावाचा गुंतवणूकदार आला होता, तोही चहा पिऊन हेच म्हणाला, फक्त इस्त्री केलेल्या भाषेत: "तुमच्यासारखी पन्नास ॲप्स आहेत. तुमचं वेगळेपण काय?" प्रज्वलनं पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'वेगळेपण' लिहिलं आणि खाली रिकामी जागा सोडली. आठवडाभर ती रिकामीच. अश्वजितनं शेवटी तिथं दूधवाल्याचा नंबर लिहून टाकला.

वेगळेपण सापडलं घरीच. शालूबाई सत्यनारायणाचं आवतन फोनवर देत होत्या. पलीकडची बाई म्हणाली, जमत नाही. आता पुण्यात एवढ्यावर फोन ठेवतात. शालूबाईंची तर आता कुठं सुरुवात झाली होती. "काऊन नाही जमत? आमी काय परके हावो? मागच्या टायमाले बी तू अशीच केली. नको येऊ मंग, आजपासून तू कोन अन् मी कोन!" थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "येतो व माय, येतो." शालूबाईंनी विजयी मुद्रेनं फोन ठेवला आणि गव्हाच्या पराती पुढं ओढल्या.

प्रज्वल जागच्या जागी उभा राहिला. आग्रह! सगळ्या जगातली ॲप्स 'नाही' म्हटलं की 'बरं' म्हणतात. अरे, आपल्या मुलखात 'नाही' म्हणजे नकार थोडाच असतो? ती तर बोलण्याची सुरुवात. पहिल्या हाकेला जो उठून येतो त्याला लोक खादाड म्हणतात. माणसाला तीनदा बोलवावं लागतं, आणि ते करायला आता कोणाला वेळ आहे? तो पळत माडीवर गेला आणि अश्वजितला म्हणाला, "आपलं मशीन आग्रह करंन!"

अश्वजितनं मान वर न करता विचारलं, "अन् रुसंन कोन?"

"तेही मशीनच."

आणि खरंच तसं मशीन उभं राहिलं. लग्नघरच्या माणसानं मोबाइलसमोर चार वाक्यं वाचायची, की मशीन त्याचा आवाज उचलायचं. मग त्याच आवाजात प्रत्येकाला फोन: मामाला मामा, आत्याला आत्या, चूलबंद असेल तर चूलबंद. पाहुणा नाही म्हणाला की मशीन आधी विनवायचं, मग रुसायचं, मग शपथ घालायचं. पाहुणा हो म्हणाला की पडद्यावर हिरवी खूण उमटायची: 'मन वळलं'. ते शब्द प्रज्वलचे होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

पहिल्याच लग्नसराईत गाडी सुसाट निघाली. खामगाव झालं, मेहकर झालं, अकोल्याहून फोन यायला लागले. जालन्याकडच्या लोकांनी तक्रार केली की तुमचं मशीन 'मले-तुले' करतं, आमचे सोयरे हसतात. त्यांच्यासाठी वेगळी बोली घातली. पुण्यात आग्रहाचा काटा शून्यावर आणून ठेवला, तरी तिथल्या लोकांनी कळवलं की जरा जास्तच होतोय. ऋत्विक खूश झाला. "आता वाढायचं," म्हणाला, "जोरात वाढायचं."

वाढले. आणि वाढता वाढता घोडं अडलं. ऐन सराईत एकेका माणसाला रोज इतके आग्रहाचे फोन जायला लागले की लोक फोन पाहून पळायला लागले. शेतात पाणी द्यायचं की दहा जणांचे रुसवे काढायचे? कोणी शिव्या घातल्या तर मशीन आणखी रुसायचं. हिरव्या खुणा कमी व्हायला लागल्या. मग प्रज्वलच्या डोक्यात दुसरी कळ फिरली. त्यानं पाहुण्यांसाठीही एक मशीन काढलं, नाव ठेवलं 'होकार'. तुमच्या आवाजात ते तुमचे फोन घेणार, रीतीप्रमाणे आधी आढेवेढे घेणार, घरच्यांनी आधी भरून दिलेल्या रुसव्याफुगव्यांतलं जुनं काही उकरून काढणार आणि तिसऱ्या आग्रहाला विरघळून 'येतो' म्हणणार. तुम्ही बिनघोर पाणी द्या.

"म्हंजे डोकेदुखी बी आपलीच अन् गोळी बी आपलीच," अश्वजित म्हणाला.

ऋत्विकनं मात्र टेबलावर हात आपटला. "दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक! हे कोणाकडे आहे सांग बरं?" हिरव्या खुणा पुन्हा धोधो उमटायला लागल्या. कोणतं मशीन कोणत्या मशीनशी बोलतंय हे पाहायला कोणालाही फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कोणाला पाहायचंही नव्हतं.

अशात पूनमचं लग्न ठरलं. आता ज्याच्या घरचं ॲप त्याच्या बहिणीचं लग्न. सगळ्या सोयऱ्यांना फोन गेले ते शालूबाईंच्या आवाजात. शालूबाईंनी चार वाक्यं वाचून दिली, पण वर बजावलं: "पंजाबदादाले सोडून सगळ्याईले लाव. त्याच्या उंबऱ्यावर माहा पाय नाही जानार, अन् तुहाही जाऊ देनार नाही. गेला त माहं मेलेलं तोंड पाहशीन." असं म्हणाल्या खऱ्या, पण मामाला द्यायचा फेटा त्यांनी स्वतः निवडून आणला होता आणि कपाटात सगळ्यात वर ठेवला होता. हे प्रज्वलनं पाहिलं होतं.

मग त्यानं काय केलं? सरळ उंद्रीला जाऊन मामांचे पाय धरावेत, इतकं सोपं होतं. पण ज्याच्या हाती हातोडा त्याला जिकडंतिकडं खिळेच दिसतात. त्यानं गुपचूप पंजाबमामांचा नंबर मशीनला देऊन टाकला, आग्रहाचा काटा पार वर नेला, आणि शेजारी लिहिलं: चूलबंद.

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "आता आठवला का भाऊ?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू माह्या पोराच्या लग्नाले आली नाही, तवा मांडवात मी कोनाकोनाले काय सांगतलं, मालूम हाये तुले?" प्रज्वल कानाला इअरफोन लावून ऐकत होता. आईच्या आवाजातलं मशीन विनवत होतं, रुसत होतं, बापाची आण घालत होतं. आणि तिसऱ्या दिवशी पलीकडचा आवाज एकदम ओला झाला. "शालू, चुकलं माहं. मीच सोता यायले पायजे होतं तुह्या दारी. येतो व बाई. पूनमच्या मांगं मी नाही त कोन उभं राहीन?"

हिरवी खूण उमटली. मन वळलं. प्रज्वलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मग त्यानं आणखी एक हुशारी केली. मशीनचं बोलणं कापून फक्त मामांचं बोलणं ठेवलं आणि आईला म्हणाला, "पाह्य आई, मामाचा फोन आलता." शालूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. 'चुकलं माहं' आल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आवाज म्हातारा झाला रे त्याचा." त्या दिवसापासून घरात त्या गुणगुणायला लागल्या. ऋत्विकला ही हकीकत कळली तर तो म्हणाला, "मी लग्नाला येतो. मामा-आईची भेट झाली की एक छोटा व्हिडिओ करू. यापेक्षा मोठी जाहिरात नाही." प्रज्वलला हे जरा खटकलं, पण इतकंच, जरा.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. ज्यांना बोलावलं ते आले, ज्यांना विसरले तेही आले. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावर बसला, वाजंत्री जवळ यायला लागली. शालूबाई मांडवाच्या तोंडाशी फेटा हातात घेऊन उभ्या, येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये वाकून पाहत होत्या. ऋत्विक मोबाइल सरसावून त्यांच्या शेजारी. पंजाबमामा कुठंच नाहीत.

"येईन तो," शालूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. "सोताच्या तोंडानं म्हनला हाये."

प्रज्वलनं मामांना फोन लावला. मामा लगेच बोलले, "हो हो, येतो ना, येतोच!" त्यानं पुन्हा लावला. "हो हो, येतो ना, येतोच!" तोच सूर, तसाच दम. जिलेबीच्या कढईपाशी उभ्या अश्वजितला त्यानं बाजूला ओढलं. अश्वजितनं मोबाइलवर काहीतरी उघडलं, पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तुह्या मामाच्या नंबरवर होकार चालू हाये बे. उन्हाळा लागल्यापासून."

"म्हणजे त्या तिन्ही दिवशी..."

"आपलंच आपल्याशी भांडलं, अन् आपलंच आपल्याले माफ केलं."

प्रज्वलनं गाडी काढली. चिखलीहून उंद्री काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना.

मामांच्या अंगणात पोचला आणि थबकला. पंजाबराव बाजेवर बसले होते, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात नवा जोडा. मामी दारात नवी साडी नेसून, हातात आहेराची पिशवी. सूनबाई, नातवंडं, सगळी नटून ओसरीवर गप्प बसलेली. आत चूल थंड होती. सकाळपासून कोणी पेटवलीच नव्हती.

"या भाचेबुवा," मामा म्हणाले. "कंपनीचे मालक आले. पानी आना व."

"मामा, चला. लग्न लागायची वेळ झाली."

"बलावलं कोनी?"

"रोज फोन येत होता ना तुम्हाला, आईचा..." ही थाप प्रज्वलला पुरी करता येईना. मग त्यानं सगळं सांगून टाकलं: आईचा आवाज, मशीन, चूलबंद, तीन दिवस.

मामांनी शांतपणे ऐकलं. "अस्सं. माह्या फोनले सुनेनं ते तुमचं होकार का काय ते लावून देल्लं. दिवसभर मशीनच रुसते, जीव खाते. म्हंजे तुह्या मशीननं माह्या मशीनले बलावलं?"

"हो मामा."

"अन् माहं मशीन येतो म्हनलं?"

"हो."

"मंग गेलं असंन ते," मामा म्हणाले. "मांडवात पाहा नीट. जेवू घाला त्याले."

मामी तोंडाला पदर लावून हसली आणि तसंच डोळे पुसायला लागली. मामांचा आवाज मात्र खाली आला. "सकाळपासून बसलो बे इथं. पोरं उपाशी हायेत. म्हनलं, भाचीचं लग्न हाये, कोनीतरी येईन, येक बोट दाखवलं त उठतो. शालूनं पाठवलं का तुले? खरं सांग."

शालूबाईंनी पाठवलं नव्हतं. त्यांना तर कोणाला पाठवायची गरज आहे हेच माहीत नव्हतं. "तिच्याशीच बोला," प्रज्वल म्हणाला आणि त्यानं आईला फोन लावला. मागं वाजंत्रीचा कल्लोळ ऐकू येत होता. "आई, मामांशी बोल. तूच बोलाव," एवढंच म्हणून त्यानं फोन मामांच्या हातात दिला.

मामांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

"दादा?" फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "दादा, कुठी हायेस रे? नवरदेव दारात आला. पूनम म्हने, मामा नाही त मी उठत नाही. ये ना रे दादा. सारं घर घेऊन ये. मी तुह्या पाया पडतो, ये." आणि शालूबाईंना हुंदका आवरेना.

मामा बाजेवरून उठले, एका हातानं सदरा सारखा केला, मामीला डोळ्यांनीच म्हणाले, चल. प्रज्वलनं गाडीची किल्ली काढली.

"तू परवा 'चुकलं माहं' म्हनला ना दादा," फोनमधून शालूबाई रडत रडत म्हणत होत्या, "तवाच माहा सारा राग गेला पाह्य. तितकंच पायजे होतं मले. तितकंच."

मामा थांबले. "मी कवा म्हनलो?" ते स्वतःशीच बोलले. फोन कानावरून काढून त्यांनी डोळ्यांसमोर धरला, उलटा करून पाहिला. मग हळूहळू पुन्हा बाजेवर बसले.

"लय भारी बनवलं बे तुनं," प्रज्वलला म्हणाले. "रडते बी. हे नवीन हाये का?"

"मामा, मशीन नाही! आई आहे ती! आईच बोलतेय!"

"आमच्या गावच्या तुळशीरामच्या घरी लग्न होतं, तवा असाच फोन आलता मले. 'मी तुळशीरामच बोलून राह्यलो हो, देवाशप्पथ.' मी गेलो, त तुळशीराम तोंडाकडं पाहे, हे कसे काय आले म्हने." मामांनी मान हलवली. "आमची शालू मले ओळखते, भाचेबुवा. माह्या तोंडून कवा 'चुकलं' निघन, असं थे सपनात बी नाही म्हननार."

ते 'चुकलं' होकारनं म्हटलं होतं आणि आईला प्रज्वलनंच ऐकवलं होतं; पण हे आता सांगितलं तरी मानणार कोण? शपथ घ्यावी, तर 'मी स्वतःच बोलतोय, देवाशप्पथ' हे वाक्य त्यानंच लिहून मशीनला दिलं होतं, शंकेखोर पाहुण्यांसाठी. रडावं, तर तेही मशीनला येत होतं. आपल्या आईचा आवाज आपल्या आईचाच आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे एकही पुरावा उरला नव्हता.

"दादा? ए दादा, बोल ना रे," फोनमधून चाललंच होतं. "ऐकून राह्यला ना? दादा!"

मामांनी फोन अलगद बाजेवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती, ती त्यांनी पुसलीही नाही.

"बंद कर बे ते," ते म्हणाले. "बिचारीचा आवाज बसंन."